पीएचडीला जाऊ का? विज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

दरवर्षी एप्रिल-मे महिन्यात स्टाफरूममध्ये माझ्या टेबलाशी दोन-चार मुलं घुटमळतात. एम.एस्सी.चं शेवटचं सत्र चालू असतं, नाहीतर तृतीय वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा नुकती आटोपलेली असते. "मॅडम, जरा विचारायचं होतं." विचारायचं एकच असतं: पुढे पीएचडीला जाऊ का? त्याच्या पोटात आणखी तीन-चार प्रश्न असतात, ते बाहेर येत नाहीत. किती वर्षं लागतात, पैसे कोण देतं, घरी काय सांगू, आणि शेवटी नोकरी लागते का?

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात फेलोशिपचा, म्हणजे संशोधन करताना मिळणाऱ्या विद्यावेतनाचा विषय निघाला, तेव्हा पीएचडी करून काय दिवे लावणार, असा सवाल सरकारी बाकांवरून आला. संशोधक विद्यार्थी चिडले आणि ते रास्तच होतं. पण त्याच सुमारास माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांचा मला फोन आला. त्यांचा प्रश्न जवळपास तोच होता, फक्त सूर वेगळा. "मॅडम, पोरगी हुशार आहे, मी आडवा येणार नाही. पण पाच वर्षं ती तिथं नक्की काय करणार, एवढं मला समजंल असं सांगा." मी त्यांना जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

नळाचं पाणी आणि विहीर

ते शेतकरी, म्हणून मी विहिरीपासून सुरुवात केली.

पहिलीपासून एम.एस्सी.पर्यंतचं शिक्षण म्हणजे नळाचं पाणी. कुणीतरी आधीच धरण बांधलंय, पाइप टाकलाय. तुम्ही तोटी सोडायची आणि हंडा भरायचा. हंडा किती भरला ते परीक्षेत मोजतात. पीएचडी म्हणजे कोरड्या रानात विहीर पाडणं. खाली पाणी आहे की नाही, हे कुणालाच ठाऊक नसतं. आजूबाजूच्या विहिरी पाहायच्या, जमिनीचा अंदाज घ्यायचा, जागा ठरवायची आणि खणायला लागायचं. कातळ लागला तर सुरुंग लावायचा की जागा बदलायची, हे रोज ठरवावं लागतं. ज्याने आधी चार विहिरी पाडल्या आहेत असा एक जाणता माणूस सोबत असतो. त्यालाच गाइड म्हणतात.

खणून झालं की काय केलं, का केलं आणि काय हाती लागलं हे सगळं लिहून काढायचं. तो प्रबंध, म्हणजे थिसिस. बाहेरच्या विद्यापीठातले जाणकार तो वाचतात, तोंडी परीक्षा घेतात, आणि माणसाला आजवर ठाऊक नसलेलं काहीतरी यात आहे असं त्यांना पटलं की पदवी मिळते. ते 'काहीतरी' बहुतेक वेळा लहानसंच असतं. एखादा रेणू बनवायची नवी वाट, एखाद्या जिवाणूच्या एका प्रथिनाचं काम, एखाद्या ताऱ्याकडून येणाऱ्या रेडिओ लहरींचं मोजमाप.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी तीन आणि साधारणपणे जास्तीत जास्त सहा वर्षं. प्रयोगशाळेतल्या विषयांत पाच वर्षं धरूनच चालावं. सुरुवातीला काही महिने वर्गात बसून शिकायचं असतं, त्याला कोर्सवर्क म्हणतात. त्यानंतर वेळापत्रक नाही, घंटा नाही, आणि उद्या काय करायचं हे सांगणारंही कुणी नाही. अनेक मुलं नेमकी इथे गांगरतात.

पावसाळ्यातला फ्लास्क

नेट नावाच्या पात्रता परीक्षेत मला ग्रिग्नार्ड अभिक्रियेवर प्रश्न आला होता. ही अभिक्रिया पूर्ण कोरड्या वातावरणात का करावी लागते? उत्तर सोपं आहे: पाण्याचा थेंबही त्या अभिकारकाला मारतो. मी बरोबर लिहिलं, गुण मिळाले.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी तीच अभिक्रिया मला करायची होती. फ्लास्कमध्ये मॅग्नेशियमचा कीस, त्यावर कोरडं ईथर, आयोडिनचा एक बारीक खडा आणि मग थेंब थेंब ब्रोमाइड. अभिक्रिया सुरू झाली की आयोडिनचा तपकिरी रंग उडतो, ईथर आपोआप उकळायला लागतं आणि द्रव राखाडी, गढूळ होतो. एप्रिलमध्ये तीनदा केली, तिन्ही वेळा झाली. जूनच्या अखेरीस पुन्हा लावली तर रंग जाईना. तपकिरी तो तपकिरीच. ब्रोमाइड नवं आणलं, मॅग्नेशियमची बाटली बदलली, ईथर पुन्हा कोरडं करून घेतलं. सहा आठवडे गेले. रात्री हॉस्टेलवर जाताना वाटायचं, आपल्याला रसायनशास्त्र येतच नाही.

मग एक दिवस लॅबमधली सिनिअर ताई शेजारी येऊन उभी राहिली. तिने फक्त एवढंच विचारलं, "फ्लास्क ओव्हनमधून कधी काढलास?" मी म्हटलं, काल संध्याकाळी, सकाळी तयार असावा म्हणून. ती म्हणाली, "रात्रभर पाऊस होता ना गं." तिने तोच फ्लास्क परत ओव्हनमध्ये ठेवला, तापल्यावर बाहेर काढला आणि नायट्रोजन सोडतच गार केला. आयोडिनचा रंग दहा मिनिटांत गेला.

कोरड्या दिसणाऱ्या काचेवर पावसाळी हवेतल्या ओलाव्याचा डोळ्यांना न दिसणारा थर बसतो. पाणी अभिक्रियेला मारतं हे मला पाठ होतं. ते पाणी माझ्या टेबलावर कुठून येतं, हे शोधायला मला सहा आठवडे लागले, आणि तेही दुसऱ्याच्या मदतीने.

परीक्षेतल्या प्रश्नाला उत्तर असतंच, आपण ते फक्त आठवायचं असतं. प्रयोगशाळेत प्रश्न काय आहे हेच आधी शोधावं लागतं. या कामात तुमचं मन रमतं का, हे मार्कांवरून कळत नाही. ऐंशी टक्केवाली मुलगी यात कोमेजून जाते आणि साठ टक्केवाला मुलगा मध्यरात्रीपर्यंत खुशीत काम करतो, हे मी पाहिलंय. म्हणून माझं सगळं सांगणं एका वाक्यात आहे: आधी असे सहा आठवडे कुठेतरी जगून पाहा, मग ठरवा.

शिरायचे दरवाजे

सरळ रस्ता बी.एस्सी., एम.एस्सी. आणि मग पीएचडी. एम.एस्सी.साठी आयआयटीसारख्या ठिकाणी जायचं असेल तर बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी फेब्रुवारीत जॅम नावाची परीक्षा असते. बी.एस्सी.नंतर थेट इंटिग्रेटेड पीएचडीलाही जाता येतं. त्यात एम.एस्सी. आणि पीएचडी एकाच संस्थेत, सलग होतात. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था (आयआयएससी), मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर), पुण्याची आयसर या ठिकाणी असे अभ्यासक्रम आहेत. नव्या शैक्षणिक धोरणातली चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी पूर्ण केली तर एम.एस्सी. न करताही पीएचडीला अर्ज करता येतो. कागदावर हे छान आहे, पण चौथ्या वर्षी खरंखुरं संशोधन करून घेणारी कॉलेजं मोजकीच आहेत. आपलं कॉलेज त्यात बसतं का, हे स्वतः पाहा.

पीएचडीसाठी सगळ्यात चालणारं नाणं म्हणजे नेट. विज्ञानासाठी ती सीएसआयआर (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद) आणि यूजीसीची संयुक्त परीक्षा. त्यात पाच विषय असतात: रसायन, भौतिक, जीव, गणित आणि भूविज्ञान. जून २०२४ पासून तिच्या निकालात तीन पायऱ्या झाल्या. सगळ्यात वरचे जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो), म्हणजे फेलोशिपही मिळते, प्राध्यापकपदासाठीही पात्र. दुसरे प्राध्यापकपदासाठी आणि पीएचडी प्रवेशासाठी पात्र. तिसरे फक्त पीएचडी प्रवेशासाठी. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच्यांना प्रवेश देताना नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि तो निकाल एक वर्षच चालतो. फेलोशिप न मिळालेल्यांनी हे नीट लक्षात ठेवा. वर्ष पाहता पाहता जातं. याशिवाय गेट आहे, भौतिकशास्त्रवाल्यांसाठी जेस्ट आहे, टीआयएफआरची स्वतःची परीक्षा आहे.

एका गोष्टीत पालक हमखास गोंधळतात. काम एका संस्थेत आणि पदवी दुसरीची, असं असू शकतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये काम करणाऱ्यांना पदवी बहुधा 'अॅक्सिर' या सीएसआयआरच्या अकादमीची मिळते. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्यांना होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची. यात फसवणूक काही नाही.

पैसे कोण देतं?

विज्ञानात पीएचडी करणाऱ्याने घरून पैसे आणू नयेत, उलट त्याला पैसे मिळावेत, असा रिवाज आहे आणि तो पाळला जाण्याचा आग्रह धरा. जेआरएफ असेल तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे एसआरएफ (सिनिअर रिसर्च फेलो) झाल्यावर ४२,००० रुपये. १ जानेवारी २०२३ पासूनचे हे दर आहेत, हॉस्टेल नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. एकूण मुदत पाच वर्षं. आयआयटी, आयआयएससी, आयसर अशा संस्थांत पंतप्रधान संशोधन फेलोशिप मिळवणाऱ्यांना याहून बरीच जास्त रक्कम मिळाली आहे, पण ते थोडके.

महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांच्या फेलोशिप आहेत. बार्टी अनुसूचित जातींसाठी, सारथी मराठा-कुणबी समाजासाठी, महाज्योती ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी. घरात पहिल्यांदा कॉलेजात गेलेल्या कितीतरी मुलांना यांनी संशोधनात आणलं. पण जाहिरात उशिरा निघते, पैसे रखडतात आणि मुलांना उपोषणाला बसावं लागतं, हेही आपण पाहिलंय. संशोधन करणाऱ्या मुलाने मेसच्या बिलाची चिंता करत बसावं, ही गोष्ट मला फार लागते.

तिसरा प्रकार प्रोजेक्ट फेलोचा. गाइडला सरकारकडून एखाद्या कामासाठी पैसे मिळतात, त्यातून तुम्हाला पगार. प्रोजेक्ट तीन वर्षांत संपतो, तुमची पीएचडी पाच वर्षांची असते. मधल्या दोन वर्षांचं काय, हे रुजू होण्याआधी विचारा. विचारायला लाजलात तर चौथ्या वर्षी तीच लाज महागात पडते.

फेलोशिप कोणतीही असो, पहिला हप्ता हातात पडायला काही महिने जातात. तेवढा खर्च निघेल अशी शिल्लक ठेवून जा. आणि घरच्यांशी एक हिशेब उघडपणे करा. तुमच्याबरोबरची मैत्रीण औषध कंपनीत लागली तर पाच वर्षांत तिच्या गाठीला अनुभव असेल, पीएफ असेल. फेलोशिपला पीएफ नसतो. घरावर कर्ज आहे, धाकट्या भावाचं शिक्षण बाकी आहे, अशा घरातल्या मुलीने आधी नोकरी धरली तर त्यात कमीपणा नाही. दोन वर्षं नोकरी करून पीएचडीला आलेली मुलं बहुतेक वेळा जास्त शहाणपणाने काम करतात, असा माझा अनुभव आहे.

तयारी म्हणजे नक्की काय करायचं?

क्लास लावणं ही तयारीतली सगळ्यात छोटी गोष्ट. मोठी गोष्ट म्हणजे कुणाच्या तरी लॅबमध्ये उन्हाळ्याचे दोन महिने घालवणं. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. देशभरातल्या शास्त्रज्ञांकडे दोन महिने काम, विद्यावेतन, प्रवासखर्च. टीआयएफआर आणि पुण्याची खगोलशास्त्राची आयुका या संस्थाही उन्हाळ्यात विद्यार्थी घेतात. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, तिथे पदवीच्या मुलांसाठी नियस नावाचा उपक्रम चालतो. बारावीला आपल्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात येऊन मूलभूत विज्ञानाला आलेल्यांना इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळू शकते, वर्षाला ८०,००० रुपये. त्यातले २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठीच असतात, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

यातलं काहीच जमलं नाही तर जवळच्या विद्यापीठात, कृषी महाविद्यालयात, एखाद्या कंपनीच्या प्रयोगशाळेत, जिथे कुणी उभं करेल तिथे जा. एका शास्त्रज्ञाला ईमेल लिहा. पण एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नका. त्यांचा एक पेपर, म्हणजे छापून आलेला शोधनिबंध वाचा, त्यातलं काय कळलं आणि काय नाही कळलं हे चार ओळींत लिहा. 'रिस्पेक्टेड सर, आय अॅम हायली इंटरेस्टेड' अशा पत्रांचा त्यांच्याकडे ढीग असतो. 'तुमच्या तिसऱ्या आकृतीत तापमान वाढल्यावर वेग कमी का झाला हे मला समजलं नाही' असं लिहिणारा विद्यार्थी लक्षात राहतो.

पेपर वाचायची सवय आत्ताच लावा. पहिला पेपर वाचायला आठवडा लागेल, लागू दे. आधी आकृत्या पाहा, मग शेवट वाचा, मग पद्धत. अडलेल्या शब्दांची वही ठेवा. विषय कोणताही असो, थोडं संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग शिका. जीवशास्त्राच्या मुलांनी तर नक्कीच. गणित नको म्हणून बायो घेतलेल्यांना तेच गणित पीएचडीत दारात उभं दिसतं.

आता शिफारसपत्रं. परदेशातल्या बहुतेक अर्जांना तीन लागतात, इथेही अनेक ठिकाणी मागतात. ज्या सरांनी तुम्हाला फक्त हजेरीपटात पाहिलंय, ते चांगली वागणूक, नियमित हजेरी यापलीकडे काय लिहिणार? मला एका मुलाबद्दल पानभर लिहिता आलं, कारण त्याने टायट्रेशनची किंमत जुळत नाही म्हणून ब्युरेटच तपासला होता आणि त्याची तोटी गळते हे दाखवून दिलं होतं. बाकीच्या अठरा जणांनी पुस्तकातली किंमत पाहून आकडा लिहिला होता.

स्थळासारखी चौकशी करा, गाइडची

मुलं मला विचारतात, विषय कोणता घेऊ? संस्था कोणती बरी? याहून मोठा प्रश्न कुणी विचारत नाही: गाइड कोण?

आपल्याकडे लग्न ठरवताना स्थळाची किती चौकशी करतात. शेजाऱ्यांना विचारतात, नोकरीच्या ठिकाणी माणूस पाठवतात, आत्याच्या जावेची ओळख काढतात. पाच वर्षं ज्या माणसाच्या शब्दावर तुमचं काम, पैसे, पेपर आणि पदवी अवलंबून असणार आहे, त्याची चौकशी कुणीच करत नाही. नावाजलेल्या संस्थेत वाईट गाइड भेटला तर संस्थेचं नाव काही कामाला येत नाही. आणि साध्या विद्यापीठात चांगला गाइड मिळालेली माझी मैत्रीण आज स्वतः उत्तम लॅब चालवते आहे.

चौकशी कशी करायची? शोधगंगा नावाचं संकेतस्थळ आहे, देशातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात. त्यात गाइडचं नाव टाका. गेल्या दहा वर्षांत किती जण त्यांच्याकडून बाहेर पडले आणि किती वर्षांत, याचा अंदाज येतो. मग प्रबंधातलं ऋणनिर्देशाचं पान उघडा. तिथे काय लिहिलंय, कसं लिहिलंय हे पाहा. गाइडबद्दल एक कोरडं वाक्य आणि लॅबमधल्या मित्रांबद्दल दीड पान असेल तर थबका. एकावरून काही ठरवू नका, पण पाचही प्रबंधांत तसंच दिसलं तर ते बोलकं आहे.

त्यानंतर त्या लॅबमधल्या मुलांशी बोला. लॅबमध्ये उभं राहून नको, बाहेर चहाच्या टपरीवर. सुट्टी मागितली तर काय होतं? प्रयोग फसला असं सांगायला भीती वाटते का? पेपरवर पहिलं नाव कुणाचं येतं? सर किंवा मॅडम आठवड्यातून किती वेळा भेटतात? आधीची मुलं आज कुठे आहेत? आणि कुणी मध्येच सोडून गेलं का, गेलं तर का? 'सर खूप स्ट्रिक्ट आहेत, पण माणूस चांगला' हे ऐकलं तर घाबरू नका. पण हे सगळं विचारल्यावर समोरचा गप्प होऊन इकडेतिकडे बघायला लागला, तर त्या गप्प बसण्यालाच उत्तर समजा.

यूजीसीच्या नियमाप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार पीएचडी विद्यार्थी असू शकतात. शिवाय आता प्रबंधाआधी पेपर छापण्याची यूजीसीची सक्ती राहिलेली नाही, विद्यापीठं मात्र आपापले नियम लावू शकतात. म्हणून पैसे भरून कुठल्याही जर्नलमध्ये पेपर छापून घेऊ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. असा पेपर पुढे बायोडेटात अडचणच होतो.

परदेशात जावं का?

अमेरिकेत विज्ञानाच्या पीएचडीला बहुतेक विद्यापीठं फी माफ करून पगार देतात. त्याबदल्यात शिकवण्याचं किंवा गाइडच्या प्रकल्पाचं काम. पाच-सहा वर्षं लागतात. अर्ज डिसेंबरमध्ये संपतात, होकार-नकार कळवायची सर्वसाधारण तारीख १५ एप्रिल. अर्जाची फी जड वाटत असेल तर फीमाफीसाठी विद्यापीठाला लिहा, बरेच जण देतात. पण २०२५ पासून तिथली हवा बदलली आहे. सरकारी संशोधन अनुदानांना कात्री लागली, काही विभागांनी जागा कमी केल्या आणि दिलेले प्रवेश मागे घेतल्याचंही घडलं. तिथे अर्ज करायला हरकत नाही, सगळी अंडी मात्र त्या एका टोपलीत ठेवू नका.

जर्मनीत पीएचडी ही बहुधा नोकरीच असते, करारासकट. तिथे साधारणपणे एम.एस्सी. लागते, आणि आपली तीन वर्षांची बी.एस्सी. एकटी पुरत नाही. स्वतःच्या खिशातून किंवा कर्ज काढून फी भरायची पीएचडी कुणी देऊ केली तर, माझं स्पष्ट मत आहे, घेऊ नका. जो विभाग तुमच्यावर पैसे लावायला तयार नाही, त्याने तुमच्या कामाची किंमत केलेलीच नाही.

"लग्नाचं वय निघून जाईल"

मुलींच्या घरून हा प्रश्न येतोच, आणि त्याला उडवून लावून चालत नाही. नियमांत काय आहे ते आधी सांगते. महिलांना पीएचडी पूर्ण करायला दोन वर्षं जास्तीची मिळू शकतात. पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची आणि बालसंगोपनाची रजा मिळते. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने गाव बदललं तर आपलं संशोधन दुसऱ्या विद्यापीठात घेऊन जाण्याचीही तरतूद आहे. हा शेवटचा नियम बऱ्याच मुलींना आणि काही विद्यापीठांच्या कार्यालयांनाही ठाऊक नसतो. नियमाची प्रत बरोबर ठेवा.

कमला सोहोनींची गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही. दुर्गा भागवतांची ही बहीण १९३३ मध्ये बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत गेली, तेव्हा मुलगी म्हणून तिला नाकारलं गेलं. नाकारणारे होते सी. व्ही. रामन. ती हटली नाही, तेव्हा वर्षभर उमेदवारीवर घेतलं. पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये तिने पीएचडी मिळवली, तीही जेमतेम चाळीस पानांच्या प्रबंधावर. मायदेशी परतून तिने नीरेतल्या पोषक द्रव्यांवर काम केलं. दारात उभं राहून आत घ्याच म्हणणाऱ्या मुलींमुळे आज आपल्या मुलींना नुसता अर्ज भरून आत जाता येतं.

"पीएचडी झालेले तासिका तत्त्वावर फिरतात, मग काय उपयोग?"

हे खरं आहे, आणि पीएचडी झालेल्या माझ्या काही वर्गमित्रांना आजही सीएचबीवर, तासाच्या हिशेबाने शिकवताना मी पाहते. कॉलेजातल्या भरत्या वर्षानुवर्षं अडकलेल्या आहेत. त्यामुळे केवळ लेक्चरर व्हायचं म्हणून पीएचडी करणार असाल तर पुन्हा विचार करा. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक होण्यासाठी नेट किंवा सेट पुरेशी आहे, पीएचडी सक्तीची नाही.

पण पीएचडी म्हणजे लेक्चररकी हे समीकरणच तोकडं आहे. औषध कंपन्यांचे संशोधन विभाग, बियाणं आणि कृषी रसायनं, पेटंटचं काम, डेटाचं विश्लेषण, सरकारी प्रयोगशाळा, विज्ञान-लेखन, ही सगळी दारं उघडी असतात. फक्त ती आपोआप उघडत नाहीत. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षापासून कोणत्या दाराकडे जायचं हे ठरवून ते ते कौशल्य जोडत जावं लागतं. गाइड सगळं दाखवेलच असं नाही, कारण बहुतेक गाइडनी आयुष्यात एकच दार पाहिलेलं असतं.

"आणि मध्येच सोडावंसं वाटलं तर?"

सोडता येतं. इंटिग्रेटेड पीएचडीत बहुतेक ठिकाणी एम.एस्सी. घेऊन बाहेर पडण्याची सोय असते. बाकी ठिकाणी गाइड बदलण्यासाठी विभागाच्या समितीकडे अर्ज करता येतो. झोप उडाली, जेवण जाईना, लॅबच्या जिन्यात पाय अडखळायला लागले, तर ते आळसाचं लक्षण समजू नका. घरी सांगा, डॉक्टरकडे जा, संस्थेत समुपदेशक असेल तर त्याला भेटा. घरच्यांनीही 'एवढी वर्षं घातलीस, आता कसं सोडतोस' हे वाक्य गिळून टाकावं.

गेल्या वर्षी माझी एक विद्यार्थिनी उन्हाळ्यात दोन महिने एका मोठ्या प्रयोगशाळेत राहून आली. परत आल्यावर म्हणाली, "मॅडम, काम आवडलं, पण एकाच गोष्टीवर पाच वर्षं मला जमणार नाही." ती आज एका कंपनीच्या गुणवत्ता विभागात आहे, रोज वेगवेगळे नमुने तपासते आणि आनंदात आहे. तिच्याबरोबर गेलेला मुलगा मात्र परत आला तो वहीभर प्रश्न घेऊन. यंदा तो मुलाखतींना जातोय.

दोघांनीही अर्ज एकाच आठवड्यात भरले होते, नोव्हेंबरात. अकादमींच्या फेलोशिपची मुदत साधारण त्याच सुमाराला संपते. त्यामुळे माझ्या टेबलाशी यायचं असेल तर एप्रिलची वाट पाहू नका. दिवाळीची सुट्टी संपली की या, आणि येताना वाचलेला एक पेपर आणि तिघा शास्त्रज्ञांची नावं घेऊन या.